हजेरीचा निरोप: पन्हाळा आणि गगनबावडा भागातील प्रकल्प नोंदी, 2024-25

15 जून 2024

आज शाळा उघडल्या आणि आमच्या कामाची सुरुवातही आजपासूनच धरली आहे. पन्हाळा तालुक्याचा पश्चिम भाग आणि गगनबावडा तालुका, म्हणजे कासारी आणि कुंभी या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतील जिल्हा परिषदेच्या काही शाळा यासाठी निवडल्या आहेत. या शाळांत पटाची अडचण नाही. गावातले प्रत्येक मूल पटावर आहे आणि शाळाबाह्य म्हणावे असे मूल क्वचितच सापडते. अडचण आहे ती तुटक हजेरीची. आठवडी बाजाराच्या दिवशी एक, पावसात सलग दोन-तीन, सणाच्या मागे-पुढे आणखी काही असे दिवस गळत जातात, कोणत्याही एका दिवसाला कारण पटण्यासारखेच असते, आणि वर्षाच्या शेवटी पाहावे तर भागाकार शिकवला गेला त्या आठवड्यात मूल वर्गात नव्हतेच, असे निघते.

कोल्हापुरात बसून हजेरीवर काम करताना 1917 आठवल्याशिवाय राहत नाही. शाहू महाराजांनी त्या वर्षी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पुढे 1992 पासून राज्य शासनाने दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसागणिक एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले, पण त्यापोटी दंड ठेवला नाही. आम्हाला दंड करण्याचा अधिकार नाही आणि भत्ता देण्याची ऐपतही नाही. त्यामुळे उरते ते एवढेच, की पालकाला त्याच्याच मुलाच्या हजेरीचा हिशेब मोबाइलवरील निरोपातून वेळेवर आणि नेमका कळवावा, आणि त्याने काही फरक पडतो का ते वर्षभर पाहावे.

24 जून 2024

हजेरीपत्रकातील दूरध्वनी क्रमांक तपासण्याचे काम सुरू आहे आणि ते अपेक्षेपेक्षा अधिक वेळ घेत आहे. अनेक मुलांपुढे वडिलांचा क्रमांक आहे, परंतु वडील शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर असतात, काही तर मुंबईला असतात आणि गणपतीलाच गावी येतात. काही ठिकाणी चुलत भावंडांपुढे एकच क्रमांक आहे, कारण प्रवेशाच्या वेळी जो मनुष्य शाळेत आला त्याने स्वतःचा दिला. रिचार्जची सवलत संपली की सिमकार्ड बदलण्याची पद्धत असल्याने बंद पडलेले क्रमांकही पुष्कळ आहेत.

यावर वर्गशिक्षिकांनी सुचवलेला उपाय आम्ही स्वीकारला आहे. पालकाचा क्रमांक कोणता, असे न विचारता दोन स्वतंत्र प्रश्न विचारायचे: सकाळी मूल उठते तेव्हा घरात त्याच्याजवळ कोण असते, आणि मुलाला एखाद्या दिवशी घरी ठेवायचे की नाही हे कोण ठरवते. पहिल्याचे उत्तर बहुधा आई किंवा आजी असे येते, दुसऱ्याचे उत्तर घरागणिक बदलते. दोन्ही क्रमांक घ्यायचे, आणि ते घेताना निरोप पाठवण्यास संमतीही लेखी घ्यायची. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकाच्या संमतीची अट आहे. तशी अट नसती तरी न विचारता कुणाच्या घरात निरोप धाडणे योग्य झाले नसते.

2 जुलै 2024

निरोपात काय असावे, यावर आजची बैठक झाली. आधी झालेल्या अभ्यासांची टिपणे सर्वांनी वाचून आणली होती.

टॉड रॉजर्स आणि अवी फेलर यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात 28,000 हून अधिक कुटुंबांबरोबर केलेला प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे पालकांना टपालाने पत्रे पाठवली होती. मूळ निरीक्षण असे होते की, ज्यांची मुले फार गैरहजर राहतात ते पालक मुलांचे खाडे प्रत्यक्षापेक्षा कमी समजतात. एकूण किती दिवस गैरहजर, हा आकडा पत्रात दिल्यावर गैरहजेरी सुमारे 6 टक्क्यांनी आणि दीर्घ गैरहजर मुलांचे प्रमाण 10 टक्के किंवा अधिक घटले. वर्गातील इतर मुलांशी तुलना जोडल्याने त्यात काही भर पडली नाही. ही शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत उपयोगाची वाटली, कारण गावात कुणाच्या मुलाशी कुणाची तुलना केली याचे पडसाद शाळेच्या बाहेरही उमटतात.

परंतु फिलाडेल्फिया हे शहर आहे आणि आमच्याशी अधिक जवळचा वाटला तो मोझांबिकच्या मानिका प्रांतातील अभ्यास. तेथील ग्रामीण शाळांतून वरच्या प्राथमिक वर्गातील मुलींच्या पालकांना आठवड्याच्या हजेरीचे कार्ड घरी दिले जात होते आणि अन्य काही शाळांत हजेरीवर रोख रक्कम दिली जात होती. केवळ माहिती दिल्याचा परिणाम हा पैसे दिल्याच्या परिणामाच्या सुमारे तीन चतुर्थांश इतका निघाला. याच्या उलट ब्राझीलमधील साओ पाउलो येथील नववीच्या मुलांवरील प्रयोगाने विचारात पाडले: तेथे मुलाची नेमकी माहिती देणारे आणि फक्त हजेरीचे महत्त्व आठवण करून देणारे, अशा दोन्ही लघुसंदेशांचा परिणाम जवळपास सारखाच दिसला. म्हणजे पालकाला माहिती हवी असते की कुणीतरी लक्ष वेधलेले हवे असते, हा प्रश्न मोकळा राहतो.

शेवटी असे ठरले की, काही शाळांत नाव आणि आकडा असलेला निरोप जाईल आणि काही शाळांत नियमित हजेरीची साधी आठवण जाईल. शाळांची संख्या अल्प असल्याने यातून टक्केवारी मांडण्याइतका पुरावा मिळणार नाही याची सर्वांना जाणीव आहे. तरीही दोन पद्धतींत घरांचा प्रतिसाद कसा वेगळा असतो ते दिसेल.

11 जुलै 2024

मसुदा तयार करण्यात संपूर्ण दिवस गेला आणि तो वाया गेला असे वाटत नाही.

पहिला प्रश्न स्वरूपाचा होता. येथील जवळपास प्रत्येक घरात एखादे तरी दुभते जनावर आहे आणि दर दहा दिवसांनी दूध संस्थेचे बिल येते: लिटर, फॅट, दर, कपात आणि हाती येणारी रक्कम. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही त्या घरातही ही चिठ्ठी ओळ न ओळ वाचली जाते आणि फॅट अर्ध्या पॉइंटने कमी लागली तर दुसऱ्या दिवशी संस्थेत विचारणा होते. हजेरीचा निरोप त्या चिठ्ठीसारखा असावा, असे एका मुख्याध्यापकांनी सुचवले आणि मसुद्याची दिशा तेथेच ठरली. उपदेश नको, शिक्षणाचे महत्त्व नको. एकूण किती, त्यांपैकी किती, आणि शंका असल्यास कुणाला विचारायचे, एवढेच.

दुसरा प्रश्न लांबीचा होता. रोमन लिपीतील लघुसंदेशात 160 अक्षरे मावतात, देवनागरीत मात्र 70, आणि संदेश एकाहून अधिक भागांत गेला तर प्रत्येक भागात 67. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही प्रत्येकी स्वतंत्र मोजली जातात, त्यामुळे ‘वर्गशिक्षिका’ हा एक शब्द बारा जागा खातो. रोमन लिपीत मराठी लिहून खर्च वाचवावा अशी सूचना आली होती, ती नाकारली. आजीला नातवाकडून तरी वाचून घेता आले पाहिजे आणि नातू मराठी शाळेत शिकतो. दोन भागांच्या, म्हणजे 134 जागांच्या मर्यादेत बसलेला मसुदा असा आहे:

‘नमस्कार. तुमची मुलगी (नाव) जूनपासून शाळेच्या 45 दिवसांपैकी 9 दिवस गैरहजर आहे. अडचण असेल तर फोन करा. - वर्गशिक्षिका, जि. प. शाळा’

तिसरा प्रश्न परवानगीचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे घाऊक संदेश पाठवणाऱ्या संस्थेला स्वतःची नोंदणी, संदेशाच्या माथ्यावर दिसणारे सांकेतिक नाव आणि मजकुराचा साचा या तिन्हींना आधी मान्यता घ्यावी लागते, आणि मान्य साच्यात फक्त ठरलेल्या रिकाम्या जागा बदलता येतात. त्यामुळे मुलगा आणि मुलगी यांसाठी वेगळे साचे, वर्गशिक्षक आणि वर्गशिक्षिका यांसाठी पुन्हा वेगळे, असे सर्व एकदमच सादर केले आहे. नावाच्या जागी फक्त पहिले नाव घालायचे ठरले. सरल या शासनाच्या विद्यार्थी नोंदणी प्रणालीत आडनावासह पूर्ण नाव असते आणि तसे नाव छापून आले की निरोप कचेरीतून आल्यासारखा वाटतो.

20 जुलै 2024

निरोप अजून सुरू झालेले नाहीत, तरी या आठवड्यातील गैरहजेरीची कारणे शाळाशाळांतून लिहून घेतली, कारण रोपलावण आत्ताच सुरू आहे. चिखलगुठ्ठा होऊन रोप लावायची वेळ एकदा आली की ती थांबवता येत नाही, आणि पैऱ्याने काम चालत असल्याने आज आपल्या रानात दहा माणसे आली असतील तर उद्यापासून त्यांच्या प्रत्येकाच्या रानात जाणे भाग असते. सहावी-सातवीची मुले रोपांच्या पेंड्या पोहोचवतात. त्यापेक्षा अधिक मोठी संख्या रानात न जाणाऱ्यांची आहे, ती म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी ठेवलेल्या मुलींची. हजेरीपत्रकात दोघांपुढेही सारखीच खूण होते.

माझे मत येथे नोंदवून ठेवतो. अशा दिवसांवर निरोपाचा परिणाम फारसा होणार नाही आणि त्याची अपेक्षाही करू नये. आईला हे ठाऊक असते की आज मुलगी शाळेत गेली नाही; तिनेच ठरवलेले असते. तिला ठाऊक नसते ते हे, की असे ठरवण्याचे दिवस जूनपासून किती झाले. निरोपाचे काम त्या बेरजेपुरते आहे.

27 जुलै 2024

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी ओलांडली असून शाळांना स्थानिक सुट्टी आहे. आमचे पश्चिमेकडील संपर्क तुटले आहेत, त्यामुळे कार्यालयात बसून कामाच्या दिवसांचा हिशेब कसा ठेवायचा यावर विचार केला.

हा विषय वरवर क्षुल्लक दिसतो. जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की तो दिवस एकूण दिवसांतून वजा होतो, एवढे सरळ आहे. परंतु सुट्टी उठल्यावर शाळा उघडते आणि धनगरवाड्यावरच्या मुलांच्या वाटेतील ओढा मात्र आणखी चार दिवस उतरत नाही. ती मुले नियमाने गैरहजर ठरतात. अशा घराला ‘तुमचा मुलगा इतके दिवस आला नाही’ असा निरोप गेला तर तो वाचणाऱ्याला काय वाटेल, याची कल्पना करण्यास फार कष्ट पडत नाहीत. म्हणून हजेरीच्या कच्च्या वहीत एक जादा रकाना आखला आहे: वाट बंद. त्यात खूण असलेला दिवस निरोपाच्या बेरजेत धरायचा नाही. मूळ हजेरीपत्रकाला आम्ही हात लावत नाही. ते शासकीय दप्तर आहे.

17 ऑगस्ट 2024

साच्यांना मान्यता मिळाली आणि पहिले निरोप आज गेले. वेळ संध्याकाळी साडेसातनंतरची ठेवली आहे, कारण तोवर धारा काढून, दूध घालून माणसे घरी आलेली असतात. निरोप सर्वांना गेला, पूर्ण हजर असलेल्यांनाही; त्यांच्या साच्यात गैरहजर दिवसांऐवजी हजर दिवस आहेत. हा वर्गशिक्षिकांचा आग्रह होता. शाळेकडून निरोप आला म्हणजे काहीतरी तक्रारच असणार, ही घराघरांतील धारणा आधी मोडायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते योग्य होते.

31 ऑगस्ट 2024

प्रतिसादाची नोंद घेताना लक्षात आले की, घरांकडून येणाऱ्या फोनचा मोठा भाग आकड्यावर आक्षेप घेणारा आहे. दूध संस्थेच्या चिठ्ठीचा दाखला समोर ठेवून मसुदा केला होता, तर प्रतिसादही तसाच आला. अमुक दिवशी मुलगा आला होता पण उशिरा आला, अमुक दिवशी तो तालुक्याच्या स्पर्धेला शाळेनेच नेला होता, अमुक दिवशी अर्ध्या सुट्टीनंतर ताप आला म्हणून घरी पाठवला होता. वर्गशिक्षिकेने वही उघडून पाहावे तर बऱ्याचदा पालकाचे म्हणणे बरोबर निघते. एका शाळेत उशिरा येणाऱ्यांची खूण दुरुस्त करायची राहूनच जात होती, ते यामुळे उघड झाले आणि आता तेथे पोषण आहाराचे ताट वाढण्यापूर्वी दुसऱ्यांदा हजेरी पडताळली जाते.

या आक्षेपांनी शिक्षकांवरील कामाचा ताण वाढला आहे हे खरे. तरीही मला ही या महिन्यातील सर्वांत चांगली गोष्ट वाटते. ज्या घरातून मुलाच्या हजेरीबद्दल वर्षानुवर्षे एकही प्रश्न आला नाही, त्या घरातून दोन दिवसांच्या फरकावरून फोन आला. साधी आठवण पाठवलेल्या शाळांत असे फोन जवळजवळ आले नाहीत. आकडा असेल तरच त्यावर भांडता येते.

मुंबईतील वडिलांबाबतचा अंदाज मात्र बदलावा लागला. दूरच्या माणसाला निरोप पाठवून उपयोग नाही, असे आम्हा सर्वांनाच वाटत होते. प्रत्यक्षात निरोप आला त्याच रात्री त्यांचे घरी फोन गेले, आणि काही घरांत आजोबांनी मुलाला दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत आणून सोडले. दूरच्या क्रमांकावर पाठवणे सुरू ठेवायचे.

14 सप्टेंबर 2024

गौरी-गणपतीचा आठवडा. हजेरी सर्वत्र घसरली, निरोप पाठवले नाहीत. सणात पाठवायचे नाहीत, हे यापुढेही कायम.

5 ऑक्टोबर 2024

आवाजी निरोपाची चाचणी घेतली. ज्या घरांत मूल आजीजवळ असते तेथे लेखी निरोप पोहोचूनही वाचला जात नाही, म्हणून त्याच मजकुराचा वर्गशिक्षिकेच्या आवाजातील ध्वनिमुद्रित फोन पाठवून पाहिला. प्रत्येक मुलाचे नाव आणि आकडा बाईंनी स्वतः म्हणून मुद्रित केला. यंत्राने जोडलेला आवाज वापरला नाही. अनेक आज्यांनी मध्येच उत्तर द्यायला सुरुवात केली, बाई थांबत नाहीत म्हणून पुन्हा हाका मारल्या, आणि सकाळी मुलाबरोबर शाळेत निरोप धाडला की काल बोलता बोलता फोन तुटला. त्यामुळे मुद्रणाच्या आरंभीच ‘हा मुद्रित निरोप आहे, उत्तर उद्या शाळेत द्यावे’ असे वाक्य घातले आहे.

25 नोव्हेंबर 2024

दिवाळीची सुट्टी, त्यानंतर विधानसभेच्या 20 तारखेच्या मतदानासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण आणि वर्गखोल्यांत मतदान केंद्रे. या महिन्यात शिकवण्याचे दिवसच थोडे आहेत. निरोप पाठवण्यात अर्थ नव्हता.

18 डिसेंबर 2024

गळीत हंगाम सुरू होऊन महिना झाला. नदीकाठच्या गावांत बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड टोळ्या उतरल्या आहेत आणि त्यांच्या खोपट्यांतील मुलांना जवळच्या शाळेत बसवण्याचे काम बालरक्षक म्हणून नेमलेले शिक्षक करत आहेत. काही मुलांजवळ मूळ गावच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी पत्रक असते, त्यामुळे वय आणि इयत्ता लगेच कळते.

या घरांसाठी आमचा निरोप मुळातच अपुरा आहे. कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, पहाटे अंधारात फडावर जाते. मुलाला शाळेत पाठवायचे म्हणजे खोपट्यावर त्याच्याजवळ कुणीतरी मागे राहायला हवे, आणि मागे राहणे म्हणजे मजुरीतील एक माणूस कमी होणे. टोळीचा मुक्काम फड संपला की हलतो. संध्याकाळी साडेसातला माणसे गाडी भरत असतात, फोन बहुधा मुकादमाकडे लागतो. बेरीज करून दाखवण्यासारखे दिवसच या मुलांच्या वाट्याला सलग येत नाहीत. येथे शिक्षक खोपट्यावर जाऊन येतात तोच निरोप, आणि हंगामी वसतिगृह किंवा साखरशाळा हाच उपाय. आम्ही या मुलांना संदेशांच्या यादीतून वगळले आहे आणि त्याचे कारण अहवालात स्पष्टपणे लिहिणार आहोत.

22 जानेवारी 2025

एका शाळेने गैरहजर मुलांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला सुरुवात केली होती, कारण त्यात खर्च नाही आणि एकाच वेळी सर्वांना कळते. शाळा व्यवस्थापन समितीतील दोन मातांनीच त्यास हरकत घेतली. कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, तरी बैठकीत त्यांचा आवाज नेहमीच ऐकू येतो असे नाही. या वेळी आला. ज्या मुलीचे नाव यादीत वारंवार येत होते तिच्या आईने गट सोडला होता आणि मुलगीही अधिकच कमी येऊ लागली होती, हे त्यांनी समितीत सांगितले. यादी बंद झाली. त्या घरी वर्गशिक्षिका जाऊन आल्या. मुलीच्या गैरहजेरीचे कारण तिची आजारी आजी होती.

1 मार्च 2025

अर्ध्याहून अधिक वर्षाच्या वह्या एकत्र लावून पाहिल्या. आकड्यांचा दावा करणार नाही, असे आरंभीच ठरले होते, त्यामुळे जे वहीत स्पष्ट दिसते तेवढेच लिहितो. ज्या मुलांचे खाडे सुटे-सुटे होते, म्हणजे बाजार, पाहुणे, शनिवारची सकाळची शाळा चुकणे, त्यांची हजेरी नाव आणि आकडा असलेल्या निरोपांच्या शाळांत सावरलेली दिसते, आणि शनिवारच्या रकान्यात तर सर्वांत अधिक. ज्यांचे खाडे सलग आणि कामामुळे किंवा आजारपणामुळे होते त्यांच्यात फरक नाही. साधी आठवण पाठवलेल्या शाळांत पहिल्या दोन निरोपांनंतर थोडी हालचाल झाली आणि मग वह्या पूर्वीसारख्याच झाल्या. साओ पाउलोसारखे येथे घडले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्या शाळांत फोन घेणाऱ्या वर्गशिक्षिकाही वेगळ्या होत्या, आणि परिणाम निरोपाचा की त्यांचा, हे या रचनेत वेगळे काढता येत नाही.

15 एप्रिल 2025

जोतिबाची चैत्र यात्रा आटोपून शिक्षक परतले आहेत. पुढील वर्षासाठी आजच्या बैठकीत झालेले निर्णय नोंदवतो. दोन प्रश्न विचारून क्रमांक घेण्याचे काम शाळा पूर्वतयारी मेळाव्यातच उरकायचे, म्हणजे जूनचा महिना त्यात जाणार नाही. पहिला निरोप रोपलावणीच्या आधी जाईल. पहिली-दुसरीच्या घरांना आवाजी, तिसरीपासून पुढे लेखी. ‘वाट बंद’ रकाना सर्व शाळांत. साधी आठवण देणारा साचा बंद.

एक बाब प्रलंबित आहे. निरोपाच्या शेवटी ‘फोन करा’ असे लिहिले जाते आणि तो फोन आजवर वर्गशिक्षिकांच्या स्वतःच्या मोबाइलवर, रात्रीसुद्धा, येत राहिला आहे. पुढील वर्षी प्रत्येक केंद्रशाळेला एक स्वतंत्र क्रमांक घ्यावा आणि तो सायंकाळी आठ ते नऊ या वेळेत पाळीने उचलावा, असा प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडे दिला आहे. शिक्षकांपैकी काहींचा यास विरोध आहे. पालक ओळखीच्या बाईंशीच बोलतात, केंद्रशाळेच्या क्रमांकावर कुणी फोन करणार नाही, असे त्यांना वाटते. जूनमध्ये दोन केंद्रांत तो क्रमांक सुरू करून पाहायचा आणि उरलेल्या ठिकाणी सध्याचीच व्यवस्था ठेवायची, असे तूर्त ठरले आहे.